‘आप’ म्हणणाऱ्यांचा मुलूख

1937 च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवड गावाभोवतीची भिल माणसं एकमेकांना एका नव्या शब्दानं हाक मारू लागली. शब्द होता ‘आप’. लहान-थोर, बाई-पुरुष, ओळखीचा-अनोळखी असा भेद न करता प्रत्येकाला ‘आप’ म्हणायचं आणि भेटल्यावर ‘आप की जय’ म्हणून नमस्कार करायचा. ही शिकवण गुलाम महाराजांची. मोरवडला आज रंजनपूर या नावानंही ओळखतात आणि महाराजांना मानणारे लोक सातपुड्याच्या पायथ्याशी अजूनही ‘आप की जय’ म्हणतात.

तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. हा सगळा भाग पश्चिम खानदेशात मोडायचा आणि कारभार धुळ्याहून चालायचा. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. गुलाम महाराज मजुरीवर जगणाऱ्या समाजात जन्मले होते. रोज आंघोळ करा, दारू सोडा, घर-अंगण स्वच्छ ठेवा, एकत्र येऊन आरती करा, असं त्यांचं सांगणं असे. आरतीला हजारोंची गर्दी होऊ लागली. 1938 साली महाराज गेले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालवलं, तेव्हा इंग्रज सरकार इतकं अस्वस्थ झालं की त्यांना हद्दपार करण्यात आलं. दारूबंदी, स्वच्छता, भक्ती हे सगळं इतर सुधारकांनीही सांगितलं होतं. पण ज्यांना पिढ्यान् पिढ्या ‘ए’, ‘अरे’ आणि ‘तू’ याखेरीज दुसरी हाक ठाऊक नव्हती, त्यांनी आपापसात ‘आप’ म्हणायला लागणं ही त्या मुलखाच्या इतिहासातली फार मोठी घटना आहे आणि तिची म्हणावी तशी दखल आपण घेतलेली नाही, असं मला ठामपणे वाटतं.

माणसांमधली जवळीक मोजायचं कुठलंही साधन नाही. पण माणसं एकमेकांना काय म्हणतात, यावरून तिचा बराच अंदाज येतो. मराठीत त्यासाठी खास क्रियापदंच तयार झाली आहेत. अरे-तुरे करणं आणि अहो-जाहो करणं. जर्मन भाषेतही अशी जोडी आहे, ‘डूत्सेन’ आणि ‘झीत्सेन’. म्हणजे ‘डू’ म्हणणं आणि ‘झी’ म्हणणं. ‘डू’ हा तू, ‘झी’ हा तुम्ही. इंग्रजीत ही जोडी एकेकाळी होती, आता नाही. या तीन भाषांनी जवळीक आणि मान यांचं गणित तीन तऱ्हांनी सोडवलं आहे आणि मोरवडच्या ‘आप’चं मोल कळायला ते गणित उपयोगी पडतं.

आधी जर्मन घेऊ. मध्ययुगात तिथे ‘डू’ आणि मानासाठी अनेकवचनी ‘ईर’ असे दोन शब्द होते. पुढे समाजात थर वाढत गेले तसे संबोधनाचे शब्दही वाढले. सतराव्या-अठराव्या शतकात तर समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘तो’ म्हणण्याची पद्धत पडली. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक आपल्या प्रजाजनांशी असंच बोलायचा. ‘याला काय हवंय?’ असं त्याच माणसाच्या तोंडावर विचारायचं. आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. तालुक्याच्या गावी एखाद्या खिडकीपाशी डोंगरातून आलेला माणूस कागद हातात धरून उभा असतो आणि आतला माणूस शेजारच्याला विचारतो, ‘याला काय पाहिजे रे?’ समोर असलेल्याला नसलेला करून टाकणारं हे व्याकरण दोन्हीकडे सारखंच आहे.

आजच्या जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’ हे दोनच उरले आहेत आणि त्यांच्यातला उंबरठा जर्मन माणूस जपून ओलांडतो. घरचे, मित्र, लहान मुलं, देव, कुत्रं-मांजर यांना ‘डू’. बाकी सगळ्यांना ‘झी’. एका कचेरीत वीस वर्षं शेजारी बसलेली माणसंही ‘झी’वरच राहिलेली असू शकतात आणि त्यात दुरावा आहे असं त्यांना वाटत नाही. ‘डू’वर यायचं तर ते रीतसर देऊ करायचं असतं. वयानं मोठ्यानं लहानाला, वरच्यानं खालच्याला. पूर्वी त्यासाठी दोघं हातात हात गुंतवून आपापला पेला रिकामा करत. या विधीचं नावच ‘बंधुभावाचं पिणं’. शाळेत मुलगा साधारण सोळा वर्षांचा झाला की अनेक ठिकाणी शिक्षक त्याला ‘झी’ म्हणू लागतात, कारण तो आता मोठा झाला. एखाद्या पोलिसाला ‘डू’ म्हटलं तर तो अपमान समजला जाऊ शकतो आणि अशी प्रकरणं कोर्टापर्यंत गेलेली आहेत. यात मला महत्त्वाची वाटते ती देऊ करण्याची रीत. जवळीक मागून घेता येत नाही, लादता येत नाही. ती देऊ करायची आणि समोरच्यानं स्वीकारायची. अलीकडे जर्मन कंपन्यांमध्ये वरपासून खालपर्यंत सरसकट ‘डू’ करण्याची लाट आली, तेव्हा बऱ्याच कर्मचाऱ्यांना ते नकोसं झालं. ‘डू’ म्हणणारा साहेबही कामावरून काढू शकतोच.

त्यांच्याकडे एक मधली वाटही आहे. नाव पहिलं घ्यायचं, पण क्रियापद ‘झी’चं ठेवायचं. याला ‘हॅम्बुर्गची झी’ म्हणतात. मराठी माणसाला ही वाट नवी नाही. ‘संजूभाऊ, तुम्ही बसा’, ‘ताई, तुम्ही जेवलात का?’ हे आपण दिवसभर म्हणत असतो. नात्याचा शब्द जवळ ओढतो आणि ‘तुम्ही’ मान राखतो. नंदुरबारच्या मंगळ बाजारापासून शहाद्याच्या कापसाच्या वजनकाट्यापर्यंत भाऊ, दादा, बापू, आबा, नाना, काका, मावशी या शब्दांवरच व्यवहार चालतो. रक्ताचं नातं नसलेल्या माणसाला नात्यात घेऊन मग त्याच्याशी आदरानं बोलायचं, ही सोय जर्मनला फारशी नाही आणि इंग्रजीला तर नाहीच.

इंग्रजीची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिच्यात ‘दाऊ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही असा फरक होता. वरच्याला ‘यू’, खालच्याला ‘दाऊ’, आणि जिवलगालाही ‘दाऊ’. 1603 साली सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून हिणवलं. सरदाराला एकेरीवर आणणं हीच शिक्षेची सुरुवात होती. पुढे शहरं वाढली, कोण कुठल्या दर्जाचा हे कपड्यांवरून ओळखणं कठीण झालं, आणि चूक होऊ नये म्हणून लोक सगळ्यांनाच ‘यू’ म्हणू लागले. ‘दाऊ’ मागे पडला. काही बोलीभाषांत आणि बायबलच्या 1611 च्या प्रसिद्ध भाषांतरात तेवढा राहिला. प्रार्थनेपुरता उरल्यामुळे पुढच्या पिढ्यांना तो फार पवित्र आणि भारदस्त वाटू लागला. जो शब्द घरातल्या जवळिकीचा होता तो देवळातला झाला.

याचा त्रास एका भाषांतरकाराला झाला. मार्टिन बूबर या ज्यू विचारवंताचं ‘मी आणि तू’ या अर्थाच्या शीर्षकाचं जर्मन पुस्तक 1923 साली निघालं. माणूस दुसऱ्याला वस्तू म्हणून पाहतो की ‘तू’ म्हणून त्याच्यासमोर उभा राहतो, हा त्या पुस्तकाचा गाभा. 1937 साली रोनाल्ड ग्रेगर स्मिथ यांनी ते इंग्रजीत नेलं तेव्हा ‘डू’साठी त्यांनी ‘दाऊ’ घेतला. 1970 मध्ये वॉल्टर काउफमन यांनी नवं भाषांतर केलं. त्यांचं म्हणणं असं की ‘दाऊ’ म्हणून आज कोणी मित्राला हाक मारत नाही, म्हणून पुस्तकात ‘यू’च हवा. शीर्षक मात्र तोवर इतकं रुजलं होतं की ते त्यांनाही बदलता आलं नाही. मराठीत हा प्रश्नच उभा राहिला नसता. आपला ‘तू’ विठ्ठलालाही चालतो आणि धाकट्या भावालाही.

पण ‘तू’ म्हटलं की जवळीक आली, असं मानणं चुकीचं आहे. मराठीत आई ‘तू’, देव ‘तू’, मित्र ‘तू’, आणि घरगडीही ‘तू’. शब्द एकच, नाती चार. यांतला फरक कळतो तो समोरून काय परत येतं त्यावरून. मी मित्राला ‘तू’ म्हणतो आणि तोही मला ‘तू’ म्हणतो. घरगड्याला मालक ‘तू’ म्हणतो आणि तो मालकाला ‘तुम्ही’ म्हणतो. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1960 साली युरोपातल्या भाषांचा तपास करून नेमकं हेच मांडलं. संबोधनामागे दोन शक्ती काम करतात, सत्ता आणि एकोपा. सत्तेचं संबोधन एकतर्फी असतं, एकोप्याचं दोन्ही बाजूंनी सारखं. आणि युरोपात गेल्या काही शतकांत पहिल्याची जागा हळूहळू दुसरं घेत गेलं.

खानदेशात हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा इथला मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात. त्याच दिवशी सालदाराचं साल संपतं आणि नवं सुरू होतं. वर्षभराच्या ठराविक मोबदल्यावर एका शेतकऱ्याकडे राबणारा तो सालदार. चाळीस-पन्नास वर्षांच्या सालदाराला मालकाचा शाळकरी मुलगा ‘तू’ म्हणायचा आणि सालदार त्या पोराला ‘भाऊ’ किंवा ‘दादा’ म्हणायचा. एकाच घरात, एकाच ओसरीवर, वर्षानुवर्षं. ‘आमच्या घरातलाच आहे तो’ असं मालक कौतुकानं सांगतही असे. ते कौतुक काही वेळा खरंही असेल. पण घरातला म्हणावं आणि उलट ‘तू’ म्हणायची मुभा देऊ नये, ही जवळीक अर्धीच आहे.

हे नातं शहाद्यात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला उघडपणे तुटायला आलं. अंबरसिंग सुरतवंती हे भजनं म्हणणारे भिल कार्यकर्ते. त्यांच्याबरोबर बाहेरून आलेले तरुण उभे राहिले आणि 1972 साली श्रमिक संघटना स्थापन झाली. गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात, मजुरी वाढावी, सालदारांना माणसासारखी वागणूक मिळावी, या मागण्या होत्या. दारूच्या गुत्त्यांविरुद्ध बायका पुढे आल्या. या चळवळीवर 1976 साली इंग्रजीत सविस्तर लेख लिहिला तो मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी. त्यांचा महाराष्ट्राशी संबंध त्याआधीचा. 1960 च्या दशकात पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात त्या जर्मन शिकवत होत्या. म्हणजे ‘डू’ कधी म्हणायचं आणि ‘झी’ कधी, हे मराठी मुलामुलींना समजावून सांगणाऱ्या बाई पुढे शहाद्याच्या शेतमजुरांबद्दल लिहीत होत्या. शेतमजुरांच्या चळवळीत मजुरीच्या आकड्याइतकंच मान या गोष्टीला महत्त्व असतं. मजुरी वाढवून मिळते, पण ‘ए’चा ‘भाऊ’ व्हायला जास्त वेळ लागतो.

आता दुसरी बाजू. खानदेशी बोलीत, म्हणजे अहिराणीत, ‘तू’ मोकळेपणानं वावरतो. ‘कथा चालना भो?’ म्हणजे ‘कुठे चाललास भाऊ?’ हा प्रश्न वाटेत भेटलेल्या कुणालाही विचारता येतो आणि त्यात उणं काही नसतं. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली, पावरी, देहवाली आणि नवापूरकडे मावची अशा बोली आहेत. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात भिली आणि खानदेशी यांची पाहणी एकत्र केली आहे, इतकी त्यांची जवळीक. डोंगरातला वडीलधारा माणूस मराठी बोलतो तेव्हा समोर अधिकारी असला तरी ‘तू कव्हा आला?’ असं सहज विचारतो. आश्रमशाळेत नव्यानं रुजू झालेल्या पुण्या-साताऱ्याकडच्या शिक्षकाला पहिलीतली पोरं ‘सर, तू बस’ म्हणतात, तेव्हा तो क्षणभर गडबडतो. काही शिक्षक त्याला उद्धटपणा समजून पोरांना रागावतात. यासारखा अन्याय नाही. त्या पोरांच्या बोलण्यात मान दाखवायच्या जागा वेगळ्या आहेत. त्यांचा ‘तू’ हा सगळ्यांना दिलेला सारखा ‘तू’ आहे, आई-बापाला आणि गावातल्या म्हाताऱ्यालाही तोच.

म्हणजे एकाच बाकावर बसून दोन माणसं एकमेकांना ‘तू’ म्हणतात आणि दोघांचे अर्थ वेगळे असतात. डोंगरातल्या म्हाताऱ्याचा ‘तू’ बरोबरीचा. खिडकीआडच्या बाबूचा ‘तू’ वरून खाली आलेला. बाबूला म्हाताऱ्याचा ‘तू’ खटकतो. म्हातारा काही बोलत नाही, पण बाबूचा ‘तू’ त्याला कळत नाही असं समजू नये. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती आणि त्यांतले शंभरातले 69 लोक अनुसूचित जमातींतले होते. ज्या जिल्ह्यात बहुसंख्य नागरिकांना सरकारी खिडकीवर एकेरीत बोलावलं जातं, तिथे हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही.

आता मोरवडकडे परत येता येईल. माणसं समान आहेत हे शब्दांतून दाखवायचा प्रयत्न जगात अनेकदा झाला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या क्वेकर पंथानं ठरवलं की न्यायाधीश असो की सरदार, सगळ्यांना ‘दाऊ’ म्हणायचं. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. फ्रेंच क्रांतीच्या भरात, 1793 च्या सुमारास, पॅरिसमध्ये क्रांतिकारकांनी एकमेकांना आणि सगळ्यांनाच ‘तू’ म्हणायला सुरुवात केली. स्वीडनमध्ये 1967 साली ब्रूर रेक्सेड नावाच्या वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यानं खात्याची सूत्रं हाती घेतल्यावर जाहीर केलं की मी इथल्या प्रत्येकाला ‘डू’ म्हणेन आणि मलाही तसंच म्हणा. तो बदल तिथे देशभर आधीपासूनच सुरू झाला होता, त्याला या घोषणेनं बळ आलं. आज स्वीडनमध्ये राजघराणं सोडलं तर जवळजवळ सगळ्यांना ‘डू’.

या सगळ्यांनी वरच्यांना खाली आणलं. गुलाम महाराजांनी खालच्यांना वर नेलं. ज्यांच्याकडे ‘तुम्ही’ भरपूर होता त्यांना तो सोडून देता आला. भिल मजुराकडे सोडायला काहीच नव्हतं. सगळे ‘तू’ व्हा, असं त्याला सांगण्यात काय अर्थ होता? तो होताच. म्हणून त्यानं सगळ्यांत वरचा शब्द उचलला आणि तो आपल्या बायकोला, शेजाऱ्याला, लेकराला दिला. बाहेरच्यांकडून मान मागायचा नाही, तो आपण एकमेकांना द्यायचा. मग बाहेरचाही एक दिवस विचार करू लागतो. जर्मनांनी ‘डू’ देऊ करायची रीत घडवली, या माणसानं ‘आप’ देऊ करायची.

शब्दही किती नेमका. ‘आप’ आणि मराठीतला ‘आपण’ हे दोन्ही संस्कृत ‘आत्मन्’पासून आले, प्राकृतातल्या ‘अप्प’ या रूपावाटे. मूळ अर्थ स्वतः. ‘आपण या’ म्हणताना तो आदर दाखवतो. ‘आपण जाऊ’ म्हणताना त्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघंही येतात. ‘आम्ही जातो’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद मराठीत आहे, शेजारच्या गुजरातीत आहे, द्राविड भाषांत आहे. जर्मन ‘वीर’ आणि इंग्रजी ‘वी’ या दोन्हीत नाही. तिथे ‘आपलं ठरलं’ आणि ‘आमचं ठरलं’ एकाच शब्दानं सांगावं लागतं, मग ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं की आपण आत आहोत की बाहेर. आपुलकी, आपलेपणा, आपला माणूस हे सगळे शब्द त्याच मुळाचे. इंग्रजीतला जवळीक सांगणारा ‘क्लोज’ हा लॅटिनमधल्या ‘बंद केलेला’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. जर्मन ‘नेए’ म्हणजे जवळपण, मुळात अंतराचा शब्द. आपल्याकडे दुसऱ्यात स्वतःला पाहणं हे जवळिकीचं नाव झालं. मला यात आपल्या भाषेचा अभिमान वाटतो आणि ती तसं बोलते त्या प्रमाणात आपण वागत नाही याचं दुःखही.

अंतरावरून एक गोष्ट सांगायला हवी. इंग्रजी ‘नेबर’ आणि जर्मन ‘नाख्बार’ हे दोन्ही शब्द एकाच जुन्या जोडशब्दाचे वंशज आहेत. जवळ राहून कसणारा, असा त्याचा अर्थ. म्हणजे शेजारी तो, ज्याचं शेत माझ्या शेताला लागून आहे. सातपुड्यात शेजार असाच असतो. तिथलं गाव म्हणजे एकाला एक चिकटलेल्या भिंती नव्हेत. पाडे विखुरलेले, घरं आपापल्या शेतात, एका घरातून दुसऱ्या घरी जायला उतार-चढ करावा लागतो. पण घर शाकारायचं असेल, शेतातलं मोठं काम निघालं असेल तर निरोप जातो आणि माणसं येतात. नर्मदेच्या खोऱ्यात या परस्परांच्या श्रमाला ‘लाह’ म्हणतात. पैसे नाहीत. ज्याच्या घरी काम त्यानं जेवण द्यायचं, आणि पुढे त्यांच्या कामाला आपण जायचं. हाही दोन्ही बाजूंनी सारखा चालणारा ‘तू’च आहे, फक्त तो हातांनी बोलला जातो.

हा शेजार धरणानं विस्कटला. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली हे त्यांतलं पहिलं. काही कुटुंबं गुजरातेत गेली, काही तळोद्याच्या मोकळ्या केलेल्या जंगलजमिनीवर सोमावल, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहतींत आली, काही मागेच राहिली. एका पाड्यातली माणसं दोन राज्यांत आणि तीन-चार ठिकाणी वाटली गेली. वसाहतीत घरं ओळीनं बांधली, भिंती आधीपेक्षा कितीतरी जवळ आल्या. पण लाहाला बोलवायची माणसं दुसऱ्या जिल्ह्यात होती. पुनर्वसनाच्या कागदात घर मोजलं जातं, हेक्टर मोजले जातात, विजेचा खांब मोजला जातो. कोण कोणाच्या हाकेला येतो हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. पाड्याला पाडा म्हणूनच हलवायला हवं होतं, ही मागणी त्या वेळीही झाली होती आणि ती अगदी रास्त होती.

मराठी घरांत गेल्या पन्नास वर्षांत बरंच बदललं. बायको नवऱ्याला नावानं हाक मारते, मुलं बापाला ‘तू’ म्हणतात, सुनेला सासू ‘अगं’ म्हणते आणि काही घरांत सून सासूला ‘तू’ म्हणते. घरातली एकतर्फी संबोधनं कमी होत चालली आहेत. घराबाहेर मात्र ती टिकून आहेत, आणि रिक्षावाला, भाजीवाली, कामवाल्या मावशी, ऊसतोड मजूर यांच्या बाबतीत तर आपल्याला ती जाणवतही नाहीत. कायद्यानं यात काही करता येतं का? केरळात थोडं झालं. 2021 साली तिथल्या उच्च न्यायालयानं पोलिसांना बजावलं की नागरिकांशी बोलताना ‘एडा’, ‘एडी’, ‘नी’ असे एकेरी शब्द वापरू नयेत. मग राज्याच्या पोलीस प्रमुखांनी तसं परिपत्रक काढलं. महाराष्ट्रात प्रत्येक तहसील कचेरीत, दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात असा नियम करायला एका आदेशापलीकडे काही लागणार नाही, खर्च तर शून्य.

पण आदेश येईपर्यंत थांबायची गरज नाही. नंदुरबार जिल्ह्यात जे शिक्षक, परिचारिका, बँकेतले कर्मचारी, कंडक्टर, ग्रामसेवक म्हणून काम करतात, त्यांना माझी विनंती आहे. डोंगरातून आलेल्या माणसाशी पहिला शब्द ‘तुम्ही’ असू द्या. तिकडून ‘तू’ आला तर तो मोकळ्या मनानं घ्या, कारण तो तुम्हाला बरोबरीचं मानून दिलेला आहे. आणि वाटेत कुणी ‘आप की जय’ म्हटलं, तर उत्तरही तसंच द्या.